माडाच्या बुडाशी

तंजावूर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गोष्टी साधारण ठरलेल्या क्रमानं येतात. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महालातल्या पोथ्या, बृहदीश्वराच्या देवळात मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं, मान डोलावणारी बाहुली, वीणा. गावाचं नाव लावणाऱ्या या मंडळींत एक रोगही आहे, हे मला पट्टुकोट्टैजवळच्या एका नारळाच्या बागेत उभं राहीपर्यंत ठाऊक नव्हतं. शेतकीच्या पुस्तकांत त्याला ‘तंजावूर विल्ट’ म्हणतात. तिथले शेतकरी म्हणतात ‘तंजावूर वाडल नोय’. वाडल म्हणजे कोमेजणं, नोय म्हणजे रोग.

बागेचे मालक सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना अय्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. माझ्यासोबत तंजावूरचा एक मराठी मित्र होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, बाजारात तमिळ. तो दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होता. अय्यांनी आम्हाला एका माडापाशी नेलं. लांबून बघताना मला तो नुसता तहानलेला वाटला. खालच्या झावळ्या पिवळ्या पडून देठापासून लुळ्या झाल्या होत्या आणि मिटलेल्या छत्रीसारख्या खोडाला लागून लोंबत होत्या. वर मधल्या चार झावळ्या मात्र हिरव्या, ताठ. त्यांच्या बगलेत नारळही होते.

अय्यांनी वर बघितलंच नाही. ते झाडाच्या बुडाशी उकिडवे बसले आणि बोटानं एक भेग दाखवली. जमिनीपासून हातभर उंचीवर सालीतून काळपट तांबडं काहीतरी पाझरत होतं. मी बोट लावलं. काकवीसारखं चिकट. खालच्या बाजूला तेच वाळून त्याची खपली धरली होती. अय्या दोन वाक्यं बोलले. मित्रानं सांगितलं, “म्हणतायत, हे झाड गेलं. आता नुसतं उभं आहे.”

नारळ लागलेलं झाड ‘गेलं’, हे ऐकून मला क्षणभर समजेना. मग त्यांनी पहारीनं बुडाजवळची वाळूमिश्रित माती उकरली आणि मुळं दाखवली. माडाला सोटमूळ नसतं. खोडाच्या तळातून पेन्सिलीएवढ्या जाडीची हजारो मुळं चहूकडे पसरतात. एकही मूळ आंब्या-फणसासारखं मांडीएवढं जाड होत नाही. निरोगी मूळ मोडलं तर आतून पांढरट, घट्ट असतं. इथली मुळं चिमटीत धरली की साल मोज्यासारखी सुटून हातात येत होती. आतला दोर काळा पडलेला, बाहेरचा भाग तपकिरी आणि भुसभुशीत. झाडाचा पाया जमिनीखाली वितळत चालला होता आणि शेंड्याला त्याची बातमी अजून पुरती पोचली नव्हती.

हे काम करणारी बुरशी गॅनोडर्मा कुळातली. ग्रीक भाषेत ‘गॅनोस’ म्हणजे चकाकी आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. पेटर कार्स्टेन या फिनलंडच्या अभ्यासकानं १८८१ साली हे नाव ठेवलं, आणि ते का ठेवलं हे तिचं फळ पाहिल्यावर लगेच कळतं. अय्यांच्या बागेत एका जुन्या खुंटाला तसं फळ लागलं होतं. भिंतीत फळी ठोकावी तसं बुडातून आडवं आलेलं, तळहाताएवढं, वरून लाखेचं पॉलिश केल्यासारखं तांबूस तपकिरी, कडेला पांढरी किनार. हात लावला तर लाकडासारखं टणक. पावसाळ्यात उगवणाऱ्या मऊ अळंबीचं हे नातेवाईक आहे असं सांगूनही पटू नये. कर्नाटकातल्या सुपारीच्या बागाइतदारांनी मात्र ते बरोबर ओळखलं होतं. तिकडे याच रोगाला ‘अणबे रोग’ म्हणतात, आणि अणबे म्हणजे अळंबीच.

आपल्याला दिसतं ते एवढंच फळ. खरी बुरशी म्हणजे जमिनीतले आणि लाकडातले पांढरे धागे, केसाहून कितीतरी बारीक. लाकडाला लाकूडपण देणारा, पेशींना सिमेंटसारखा बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. तो पचवणं सृष्टीतल्या फार थोड्या जीवांना जमतं. वाळवीला लाकडावर जगायचं तर पोटातल्या सूक्ष्मजीवांची मदत घ्यावी लागते. गॅनोडर्मा मात्र स्वतःच्या रसांनी लिग्निन सोडवते. ती तोंडानं खात नाही. धाग्याच्या टोकातून रस सोडते, समोरचं लाकूड बाहेरच विरघळवते आणि विरघळलेलं शोषून पुढे सरकते. तिच्या वाटेवरचं लाकूड फिकट, हलकं, स्पंजासारखं होतं. जंगलात हेच काम पडक्या ओंडक्यांवर चालतं तेव्हा त्याच्याएवढं मोलाचं काम नाही, कारण ते थांबलं तर जंगल स्वतःच्याच लाकडाखाली गाडलं जाईल. तोच जीव उभ्या माडाच्या मुळात शिरला की बागाइतदाराच्या घरावर नांगर फिरतो.

याच कुळातल्या एका अळंबीला चीनमध्ये लिंगझी म्हणतात, जपानमध्ये रेइशी. तिकडे ती दीर्घायुष्याचं, अमरत्वाचं चिन्ह आहे. राजवाड्यांच्या नक्षीत, चित्रांत, देवदेवतांच्या हातात ती दिसते. दुसरी एक जात, गॅनोडर्मा अॅप्लॅनेटम, हिच्या खालच्या पांढऱ्या बाजूवर काडीनं रेघ ओढली की ती रेघ तपकिरी उमटते आणि वाळल्यावर तशीच टिकते. पाश्चात्त्य देशांत लोक तिच्यावर चित्रं काढतात. तंजावूरच्या माडांवर रोगकारक म्हणून नोंदलेल्या गॅनोडर्मांत ही जातही आहे. चित्रांच्या गावात माडाच्या मुळावर उठलेली बुरशी स्वतःच चित्राचा फलक असावी, हे कळल्यापासून मी त्या खुंटावरच्या फळाकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागलो.

माड या बुरशीपुढे इतका हतबल का, याचं उत्तर माडाच्या घडणीत आहे. आंब्याच्या खोडाला घाव घातला तर काही वर्षांत कडेनं नवं लाकूड येऊन घाव बुजतो, कारण त्याच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो आणि तो खोडावर नवनवे थर चढवत राहतो. माडाला तो थरच नाही. माड हा गवताच्या, बांबूच्या बाजूचा. त्याचं खोड एकदा जेवढं जाड झालं तेवढंच राहतं. कोकणात माडावर चढायला ज्या खाचा पाडतात त्या कधी बुजत नाहीत. माझ्या आजोळच्या माडावर आजोबांच्या काळातल्या खाचा मी लहानपणी पायांनी चाचपल्या आहेत; त्या अजून तशाच असतील, माड असेल तर.

याचा दुसरा अर्थ मला फार मोठा वाटतो. आंब्याच्या खोडातलं मधलं जुनं लाकूड मेलेलं असतं. जिवंत भाग बाहेरच्या बाजूला. माडाच्या खोडात मात्र रोपपणी तयार झालेल्या पेशी झाड असेपर्यंत जिवंत राहतात. साठ वर्षांच्या माडाच्या बुडाशी साठ वर्षांच्या जिवंत पेशी असतात. वरचा सगळा पाणीपुरवठाही त्याच बुडातल्या जुन्या नळ्यांतून चालतो, आणि बिघाड झाला तर बदली नाही. बुरशी मुळांतून चढत याच बुडात शिरते, नळ्या एकेक करून बंद करते. आधी सर्वांत जुन्या झावळ्यांचं पाणी तुटतं. मग बोंडं गळतात, नवी झावळी आखूड आणि फिकट येते, पाझर बुडापासून वर वर सरकतो, साल सुटू लागते. मेलेल्या झावळ्या मात्र महिनोन्‌महिने खोडाला लोंबत राहतात. शेवटी एखाद्या साध्या वाऱ्यानं शेंडाच उडून जातो आणि मागे नुसता खांब उरतो. कधी हे सहा महिन्यांत उरकतं, कधी चार वर्षं लागतात. बळी बहुतेक दहा ते तीस वर्षांचे माड, म्हणजे ऐन उत्पन्नाच्या वयातले. रोगाचं फळ दिसतं तोवर झाडाचं आतलं सगळं आटोपलेलं असतं.

तंजावूर जिल्ह्यात या रोगाची नोंद झाली १९५२ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी नागपट्टिणमच्या बाजूनं मोठं चक्रीवादळ आलं होतं, आणि वादळानंतर या रोगानं उचल खाल्ली असं तिथले अभ्यासक सांगतात. वादळाचा आणि बुरशीचा संबंध काय, असा प्रश्न मलाही पडला. अय्यांनी पुन्हा जमिनीकडे बोट केलं. वादळानं माड मोडतात किंवा मुळं तुटून कलतात. मोडलेल्या झाडाचं खोड माणसं तोडून नेतात, पण बूड जमिनीतच राहतं, कारण ते उपटायला खर्च फार. ते बूड म्हणजे गॅनोडर्मासाठी भरलेलं धान्याचं कोठार. त्यात ती वर्षानुवर्षं बसते, आणि शेजारच्या जित्या माडाची मुळं त्या बुडापर्यंत पोचली की मुळातून मुळात उतरते. बागेत माड एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर असले तरी खाली त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेलीच असतात. त्यात किनाऱ्याकडची वाळूची जमीन, उन्हाळ्यात पाण्याचा ताण, आणि पाणी दिलं तर साऱ्या बागेतून वाहवून दिलेलं. प्रवाहाबरोबर रोगही आळ्यातून आळ्यात जातो.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गाजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यातले लाखो माड एका रात्रीत आडवे झाले. आपल्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना ते दृश्य वेगळं सांगायला नको. अय्यांचे निम्म्याहून अधिक माड गाजात गेले. बुडं काढायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि काही राहिलीच. आम्ही ज्या माडाशी उभे होतो त्याच्या शेजारी तसंच एक बूड होतं. चकाकणारं फळ त्यालाच लागलेलं.

कापलेल्या झाडाचा खुंट जित्या झाडाला मारतो, ही गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, थंडीच्या मुलखात, सूचिपर्णी झाडांच्या बागांत तशीच्या तशी घडते. पाइन आणि फरच्या लागवडीत झाडं विरळ करायला मधली काही तोडतात. ताज्या कापलेल्या ओल्या खुंटावर हेटरोबॅसिडियन नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन पडतात, खुंटात रुजतात आणि मुळांच्या स्पर्शातून शेजारच्या झाडांत जातात. जॉन रिशबेथ नावाचा इंग्लिश शास्त्रज्ञ पूर्व इंग्लंडमधल्या पाइनच्या लागवडीत यामागे लागला. त्यानं शोधलेला उपाय ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. खुंट कापल्याबरोबर त्यावर दुसऱ्याच एका निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू लावायचे. ती आधी घर बळकावते. मागून आलेल्या हेटरोबॅसिडियनला जागाच उरत नाही. युरोपातल्या जंगलांत आजही हे करतात.

नाताळसाठी म्हणून वाढवतात त्या झाडांची कथा आणखी निराळी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात नाताळसाठी बहुतेक सगळे शेतकरी फ्रेझर फर लावतात. ते मूळचं तिथल्या उंच डोंगरमाथ्यांवरचं, निचऱ्याच्या जमिनीतलं झाड. ते खाली, भारी आणि ओल धरणाऱ्या मातीत आणलं की त्याच्या मुळाशी फायटॉप्थोरा येते. ही दिसते बुरशीसारखी, पण खरी बुरशी नाही. तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. पाऊस पडून मातीच्या कणांमध्ये पाण्याची फिल्म तयार झाली की तिचे बीजाणू दोन शेपट्या हलवत त्या पाण्यातून पोहत निघतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत नेमके मुळाच्या टोकाशी पोचतात. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि वाट चुकत नाही! तिच्यातली एक जात, फायटॉप्थोरा सिनामोमी, पहिल्यांदा ओळखली गेली १९२२ साली सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर. तिच्या नावात दालचिनी आहे ती त्यामुळे. आज ती खंडोखंडी पसरली आहे. एकदा जमिनीत आली की वर्षानुवर्षं जात नाही. त्यामुळे तिथले अभ्यासक फ्रेझर फरचं कलम जपानच्या मोमी फरच्या मुळावर बांधून पाहतात, कारण मोमीची मुळं तिला दाद देत नाहीत. विदर्भातल्या संत्रा बागाइतदाराला यातलं काहीच परकं वाटणार नाही. त्याच्या झाडाच्या बुंध्याशी डिंक गळायला लागतो, तो ‘डिंक्या’ याच फायटॉप्थोराच्या भाऊबंदांचा, आणि संत्र्याचं कलम कोणत्या खुंटावर बांधायचं हा प्रश्न त्याच्याही घरचाच.

तंजावूरला फर नाही. पण नाताळ आहे, फार जुना. सरफोजीराजांचे गुरू ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ जर्मन होते; त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं १७७९ सालचं चर्च शिवगंगा तळ्याच्या बागेत अजून आहे. आत संगमरवरात कोरलेलं शिल्प आहे: मरणशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभे असलेले तरुण सरफोजी. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून ते राजांनीच करवून घेतलं. नाताळचं झाड सजवायची चाल जगभर पसरली ती श्वार्ट्झ यांच्याच जर्मन मुलखातून. आपल्या किनाऱ्यावर, वसईत, गोव्यात, फरच्या जागी सुरूची फांदी उभी करतात. सुरू सूचिपर्णी दिसतो, पण नाही. ज्यांना आपण सुया समजतो त्या त्याच्या बारीक हिरव्या काड्या. पानं काड्यांच्या पेऱ्यांवर खवल्यांसारखी, दिसतील न दिसतील अशी. तमिळ किनाऱ्यावर सुरूची, तिकडच्या ‘सवुक्कू’ची, मोठी लागवड आहे. आणि त्यालाही बुरशीचा रोग आहेच: सालीवर फोड येतात, फोड फुटला की आतून काजळीसारखी काळी भुकटी सांडते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. त्या बुरशीच्या आजच्या शास्त्रीय नावात मद्रास विद्यापीठाचे बुरशीतज्ज्ञ सी. व्ही. सुब्रमणियन यांचं नाव गुंफलेलं आहे.

मुळं कुजवणाऱ्या या सगळ्या टोळीत सर्वांत थोरली आर्मिलारिया. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सूचिपर्णी जंगलाखाली तिचं एकच शरीर सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेलं सापडलं आहे. वयाचे अंदाज १,९०० वर्षांपासून ८,६५० वर्षांपर्यंत जातात. म्हणजे राजराज चोळानं १०१० साली बृहदीश्वराचं देऊळ पुरं केलं तेव्हा, सर्वांत कमी अंदाज धरला तरी, ती बुरशी नऊशे वर्षांची होती आणि काळ्या दोऱ्यांसारख्या मुळ्या सोडत अंधारात एका झाडाकडून दुसऱ्याकडे चालली होती.

तंजावूरच्या रोगावर पट्टुकोट्टैजवळ वेप्पनकुळमच्या नारळ संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं काम चाललं आहे. मेलेला माड बुडासकट काढणं पहिलं. रोगट झाडाभोवती चर खणून त्याची मुळं शेजाऱ्यांपासून तोडणं दुसरं. पाणी बागभर न सोडता प्रत्येक आळ्याला वेगळं देणं, दर झाडाला वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड, शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही पुन्हा बुरशीच. ती गॅनोडर्माच्या धाग्यांना वेटोळे घालून त्यांनाच खाते. माडांच्या मधे केळी लावली तर रोग कमी दिसतो, असंही तिथं आढळलं आहे. अय्यांनी केळी लावली होती, आणि ती त्यांच्या बागेतली सर्वांत टवटवीत गोष्ट होती.

आणि एक औषध आहे, ऑरिओफंजिन. मित्रानं पुडीवरचं नाव वाचून दाखवलं तेव्हा मला आधी खरं वाटेना, कारण हे औषध आपल्या पिंपरीचं. १९५४ साली पुण्याजवळ उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ते शोधलं, मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाकडून मिळवलं. मातीतल्या एका जीवाचं हत्यार मातीतल्या दुसऱ्या जीवावर.

रोगाची नुसती चाहूल लागलेल्या दुसऱ्या एका माडाला अय्या ते पाजणार होते. तो विधी मी जवळून पाहिला. त्यांनी बुडापासून हातभर अंतरावर माती हळूहळू बाजूला केली आणि एक जितं, तांबूस, पेन्सिलीएवढं मूळ शोधलं. धारदार सुरीनं ते तिरकं छाटलं. छाट पांढरा होता, हे पाहून त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मग २ ग्रॅम ऑरिओफंजिन आणि १ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात कालवून ते एका लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतलं, मुळाचं छाटलेलं टोक तळापर्यंत बुडवलं आणि पिशवीचं तोंड सुतळीनं मुळाला बांधलं. दवाखान्यात सलाइन लावतात तसं, पण उलटं. इथं बाटली खाली आणि रोगी तीस हात वर.

“मूळ जिवंत असेल तर चोवीस तासांत पिऊन टाकतं,” मित्र सांगत होता. “नाही प्यायलं तर दुसरं मूळ शोधायचं. तीन महिन्यांनी पुन्हा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं परत गेलो. अय्या आधीच तिथं बसले होते. पिशवी मुळाला चिकटून चुरगळली होती आणि आत निळसर पाण्याचा एक थेंब उरला होता.